पणजीतला एक दिवस, पोटाच्या घड्याळाप्रमाणे

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याचा गोव्यातला दिवस बहुतेक वेळा असा जातो. सकाळी नऊला उठायचं, हॉटेलातच ब्रेड-बटर खायचं, अकराच्या उन्हात चर्चसमोर रांग लावायची आणि तीन वाजता भुकेने कासावीस होऊन उघडी खानावळ शोधत फिरायचं. मग घरी जाऊन सांगायचं की गोव्यात खरं गोव्याचं जेवण मिळतच नाही. मिळतं, पण त्याच्या वेळेला. भाजी-पाव सकाळी साडेदहानंतर उरलासुरला असतो. माशाची थाळी एक ते अडीच या दीड तासात चांगली. त्यानंतर अर्धं शहर दारं लोटून आडवं होतं आणि रोस-आमलेटाचा, म्हणजे रश्शात बुडवलेल्या आमलेटाचा, गाडा दिवेलागणीशिवाय लागत नाही. म्हणून आधी खाण्याच्या वेळा मांडा आणि बघण्याच्या जागा त्यांच्या मधे बसवा.

हा बेत फक्त तिसवाडी तालुक्यातला आहे: पणजी, जुने गोवे आणि दिवाडी बेट. पलीकडे नार्वे येतं, ते तांत्रिकदृष्ट्या डिचोलीत, पण फेरीबोटीने हाकेच्या अंतरावर. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा आणि म्हार्दोळ यांना फोंड्याकडचा वेगळा दिवस द्या. देवळं, चर्च आणि कळंगुट एका दिवसात उरकणं हे टुरिस्ट बसचं काम. त्यात जेवण नेहमी चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी पडतं.

वार कोणता निवडायचा

मंगळवार, बुधवार, गुरुवार किंवा शनिवार. सोमवारी बरीच हिंदू घरं शिवराक, म्हणजे शाकाहारी असतात, त्यामुळे त्या दिवशी काही खानावळींत मासळीचा जोर कमी असतो. शुक्रवारी जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतात, पर्यटकाने तेव्हा आत घुटमळणं बरं दिसत नाही. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. तो दिवस आणि त्याआधीचे नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, जत्रेसारखे बघायचे असतील तर जा, शांतपणे वास्तू बघायची असेल तर टाळा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत विसवण, म्हणजे आपली सुरमई, ताटात आली तर ती बहुधा बर्फातली समजायची. तेव्हा नदीतली नि खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेतांतली मासळी, तिसऱ्या (शिंपल्या), सुकी सुंगटं (कोळंबी) यांवर भर द्यावा. पावसाळ्यात गोव्याचं माणूस तेच खातं.

साडेसात: भाजी-पाव

गोव्यातली भाजी आणि मुंबईची पावभाजी यांचा नावापलीकडे संबंध नाही. इथे भाज्या वेगळ्या मागवायच्या असतात. पातळ भाजी म्हणजे नारळाच्या वाटणातली, रश्शाची, बहुधा वाटाण्याची. सुकी भाजी म्हणजे पिवळी बटाट्याची, मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीची. दोन्ही एकाच बशीत हव्या असतील तर ‘मिक्स’ म्हणायचं. पहिल्यांदा येणाऱ्याने तेच मागवावं. कुठे अळसांद्यांचं म्हणजे चवळीच्या जातीच्या मोठ्या दाण्यांचं तोंडाक, म्हणजे रश्शाची उसळ, मिळालं तर तेही एक बशी घ्या. सोबत तिखट नसलेल्या लांब मिरचीची भजी, नाहीतर बन. हा बन पावाचा नव्हे. पिकलं केळं घालून मळलेल्या मैद्याची जाड, किंचित गोड पुरी. गोड बन आणि तिखट पातळ भाजी ही जोडी पहिल्या घासाला विचित्र वाटते आणि तिसऱ्या घासाला का जमते ते कळतं.

माणशी एक मिक्स आणि दोन पाव हा बरोबर हिशेब. चार पाव एकदम मागवू नका, गार झाले की रबर होतात. पणजीत कॅफे भोसले आणि कॅफे ताटो ही नावं भाजीसाठी जुनी नि प्रसिद्ध आहेत. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून बसायचं असतं, त्यात संकोच नको. खाऊन झालं की मागे माणूस उभा असतो, चहा संपवून उठा.

पावाबद्दल एवढं ठाऊक असू द्या. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी फिरतो. मऊ चौकोनी तो पाव. गोल, कडक पापुद्र्याचा तो उंडो. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची, आतून पोकळ, चपटी ती पोय. कांकणासारखं कडक कडं ते काकण, चहात बुडवून खायचं. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने आंबवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. पोयीत चरबी जवळजवळ नसते, म्हणून ती त्याच दिवशी खायची. दुसऱ्या दिवशी चिवट झाली तर थेट आचेवर भाजून घ्या.

साडेआठ: फोंतेन्हास आणि माळा

आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याशी पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींच्या घरांची ही वस्ती आहे. पणजी १८४३ मध्ये अधिकृत राजधानी झाली, त्या काळाची कळा इथे टिकून आहे. सकाळी जायचं कारण साधं आहे: दहानंतर लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांनी गल्ल्या भरतात आणि ऊनही भिंतींवरून उडी मारून डोळ्यांत येतं. घरांत माणसं राहतात. त्यांच्या पायऱ्यांवर बसणं, खिडकीच्या गजाला टेकून पोझ देणं यावरून इथले रहिवासी वैतागलेले आहेत, आणि योग्यच वैतागलेले आहेत. फोटो रस्त्यावरून काढा, आवाज खाली ठेवा.

सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलात डोकावा. तिथला क्रुसावरचा ख्रिस्त मान ताठ आणि डोळे उघडे ठेवून आहे. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. ते ठाऊक असलं की ते उघडे डोळे वेगळेच वाटतात. तिथून माळ्याकडे वळलं की टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे. पायऱ्या चढायची तयारी असेल तर वरून गल्ल्यांची कौलं एका नजरेत येतात. सगळं मिळून पाऊण तास पुरे.

साडेनऊ ते बारा: जुने गोवे

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणारी कुठलीही बस पकडा आणि जुन्या गोव्याला गांधी सर्कलशी उतरा. अंतर साधारण दहा किलोमीटर. सुटे पैसे जवळ ठेवा. पाचशेची नोट दिली की कंडक्टरचा चेहराच उत्तर देतो. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर नंबरप्लेट बघून घ्या: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे परवान्याची भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर पोलिसांनी अडवल्यावर भुर्दंड तुमच्याच माथी येतो.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. बिचवरच्या कपड्यांत आलेल्यांना दारावरच थांबवतात आणि मग भर उन्हात ओढणी शोधावी लागते.

आधी बासिलिका ऑफ बॉम जेझूस, कारण साडेदहानंतर सहलीच्या बस येतात. बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये चर्च पवित्र करण्यात आलं. बाहेरच्या भिंती उघड्या जांभ्याच्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर गिलावा काढून टाकला आणि तेव्हापासून गोव्याचा पाऊस तो सच्छिद्र दगड पितो आहे. आत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष चांदीच्या पेटीत आहेत आणि खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमोने पाठवलेला. शवाचं दर्शन दर दहा वर्षांनी होतं, शेवटचं २०२४-२५ मध्ये झालं, तेव्हा या वेळी पेटीवरच समाधान माना. बाहेर मेणाचे हात, पाय, डोकी विकायला दिसतील. ती नवसाची आहेत: जो अवयव दुखतो, तो मेणात आणून वाहायचा. आपल्याकडे चांदीचे डोळे वाहतात, तसंच.

रस्ता ओलांडून से कॅथेड्रल. ते सेंट कॅथरिनच्या नावाचं, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तो दिवस तिच्या सणाचा, २५ नोव्हेंबर होता. समोरून बघितलं की एकाच बाजूला मनोरा दिसतो. दुसरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. शेजारच्या संग्रहालयात व्हाइसरॉयांच्या तसबिरींची लांब रांग आहे, ती झरझर बघा. वेळ द्यायचा तो कदंब राजांच्या काळातल्या वीरगळांना आणि सतीशिळांना. देवगिरी-कोल्हापूरकडचे वीरगळ ज्याने पाहिलेत त्याला इथली जहाजांची शिल्पं नवी वाटतील.

पाय शाबूत असतील तर मोंते सांतो टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांकडे चला. १६०२ मधल्या मनोऱ्याचा एक जांभ्याचा उभा तुकडा शिल्लक आहे, मूळची उंची ४६ मीटर. छप्पर १८४२ मध्ये पडलं, मनोऱ्याचा दर्शनी भाग १९३१ मध्ये. सावली नाही, टोपी लागते. सगळ्या चर्चमध्ये आत शिरलंच पाहिजे असा नियम नाही. चौथ्या चर्चनंतर वेदीही वेदीसारखीच दिसते.

बारा वाजले की निघायचं. शेजारून दिवाडीची फेरी सुटते, ती बघून ‘आत्ताच जाऊन येऊ’ असं वाटतं. जाऊ नका. फेरीची वाट, बेटावरचा फेरा आणि परतीची फेरी धरून अडीच वाजतात आणि थाळी हुकते. दहा किलोमीटर मागे जाऊन पुन्हा यावं लागतं हे खरं, पण तो सौदा फायद्याचा आहे.

एक वाजता: नुस्तें

ताटावर बसल्याबरोबर पहिला प्रश्न एकच: ‘आज नुस्तें कितें आसा?’, म्हणजे आज मासळी कोणती आहे? मराठीत विचारलंत तरी चालतं, इथे बहुतेकांना मराठी कळतं. थाळीत सर्वसाधारणपणे शीत म्हणजे भात, माशाची कडी किंवा हुमण (खोबऱ्याच्या वाटणातलं कालवण), एखादं सुकं, किसमूर, पालेभाजी, लोणचं आणि सोलकढी येते. तळलेला मोठा मासा बऱ्याच ठिकाणी वेगळा मागवायचा असतो आणि मेनूवर त्याच्यापुढे आकड्याऐवजी ‘ॲज पर साइज’ लिहिलेलं असतं. बिलाचा घोळ होतो तो इथेच. मासा ताटलीत आणून दाखवायला सांगा, दर विचारा, मगच हो म्हणा. पापलेट, विसवण आणि चोणक महाग. बांगडा, मोडसो, लेपो स्वस्त आणि चवीला त्यांच्यापेक्षा काकणभर सरसच. मोडसो म्हणजे मालवणकडची मुडदुशी: नाजूक, पांढरा, रवा लावून तळलेला.

भात निवडायला मिळाला तर उकडा घ्या. जाड, तांबूस दाणा पहिल्यांदा जड वाटतो, पण हुमण तोच धरून ठेवतो. पांढऱ्या भाताची लापशी होते. मालवणी माशाचं कालवण खाऊन आलेल्याला हुमण सौम्य वाटेल. त्यात ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद एकत्र गंधासारखं बारीक वाटलेलं असतं आणि आंबटपणा चिंचेचा, कोकमाचा नाहीतर कैरीचा. बांगड्याच्या हुमणात तिरफळं असतात. ती काळपट, फुटलेली फळं बाजूला काढायची. चावली तर जीभ पाच मिनिटं बधिर होते आणि पुढचे चार घास वाया जातात.

किसमूर म्हणजे भाजलेली सुकी सुंगटं, खोबरं, कांदा, मिरची, चिंच किंवा कोकम. ते कडीत कालवून ठेवू नका, कुरकुरीतपणा जातो. घासागणिक चिमूटभर वर घ्या. तिसऱ्यांचं सुकं असेल तर हाताने खा, चमच्याने शिंपल्यांशी मारामारी होते. तळलेल्या माशात दोन पर्याय: रवा, किंवा रेशाद. रेशाद मसाला लाल मिरची, लसूण, मिरी आणि माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये वाटलेला. बांगड्याचं पोट चिरून आत भरतात. रेशाद बांगड्यालाच शोभतो, पापलेटावर घातला तर पापलेटाची चव उरत नाही.

शाकाहारी माणसाने निराश होऊ नये, पण खतखतें मिळालं तरच गोव्याचं शिवराक जेवण जेवलो म्हणावं. पाच-सहा किंवा जास्तच भाज्या, तूरडाळ, खोबऱ्याचं वाटण आणि इथेही तिरफळं. रोजच्या पाटीवर ते क्वचित असतं. सोमवारी विचारलंत तर शक्यता जास्त.

अडीचनंतर शिरलात तर कडी तळाची आणि मासा उरलेला. तीनला बरीच दारं बंद, ती सातला उघडतात.

साडेतीन ते सहा: दिवाडी आणि नार्वे, स्कूटर असेल तर

मधला तास झोपा, गोव्याची हीच रीत आहे. मग रायबंदरच्या लांब दगडी कॉजवेवरून पुन्हा जुन्या गोव्याच्या जेट्टीवर. हा कॉजवे १६३३-३४ मधला, सुमारे तीन किलोमीटर लांब, खारफुटीच्या कडेने जातो. जेट्टीच्या वाटेवर सोळाव्या शतकाच्या अखेरची व्हाइसरॉयची कमान लागते. फेरीत पायी माणसाला तिकीट पडत नाही. स्कूटर चढवताना उतार बघा: ओहोटीला शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. पहिल्या गियरच्या वेगाने, पाय खाली सोडून चढा, आत इंजिन बंद करा. शेवटची फेरी किती वाजता ते जाताना विचारून ठेवा, येताना विचारून उपयोग नसतो.

बेटावर रस्ता खाजन शेतांतून जातो. खाजन म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली जमीन. भरती-ओहोटीचं पाणी मानशीच्या लाकडी दारांतून आत-बाहेर सोडतात. भात आणि सुंगटं दोन्ही तिथूनच येतात, दुपारचं ताट इथे उगवलं असं म्हणायला हरकत नाही. पिएदादच्या चर्चच्या टेकडीवरून मांडवी आणि पलीकडचे मनोरे दिसतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेराम हा झेंड्यांचा उत्सव भरतो, तेव्हा मात्र फेरीला रांगच रांग.

मराठी माणसाने दिवाडीवरून पुढची फेरी घेऊन नार्व्याला जावं. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीवरचा. पोर्तुगीज अमलात तिथलं देऊळ गेलं, लिंग नदीपार नार्व्याला आलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. दारावर तसा शिलालेख आहे. देऊळ लहान, कौलारू, झाडीत दडलेलं. सकाळचं जुने गोवे आणि संध्याकाळचं नार्वे हे एकाच गोष्टीचे दोन काठ आहेत, म्हणून ही जोडी सोडू नये.

स्कूटर नसेल तर हे सगळं गाळा आणि सूर्यास्ताला पणजीहून बेतीच्या फेरीने जाऊन परत या. पाच मिनिटांची फेरी, पणजीचं तेवढं चांगलं दर्शन दुसरीकडून होत नाही.

सात: गाड्यावर

रोस-आमलेट: दोन अंड्यांचं कांदा-मिरचीचं आमलेट, त्यावर कोंबडीच्या शागोतीचा रस्सा ओततात, वर कच्चा कांदा आणि लिंबू, बाजूला पाव. आमलेट रश्शात बुडलेलं असलं पाहिजे. वर नुसता चमचाभर शिंपडला असेल तर ‘आनीक रोस घाल’ म्हणा. फक्त अंडं खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, रस्सा मांसाचाच आहे. काही गाड्यांवर चण्याचा रोस असतो, तो मागा.

बसून जेवायचं तर ख्रिश्चन खानावळीत कोंबडीचं काफ्रियाल, हिरव्या वाटणातलं, किंवा विंदालू. विंदालूत बटाटा नसतो. नाव पोर्तुगीज ‘विन्या द आल्यूश’वरून आलं, द्राक्षारस आणि लसूण, इथे द्राक्षारसाच्या जागी सुरेचं व्हिनेगर. सोरपोतेल (मांसाचं आंबट-तिखट कालवण) आणि चोरीस (सॉसेज) हे डुकराचे, आणि बेकरीतले करोके (क्रोकेट) व पॅटिस पुष्कळदा बीफचे. खात नसाल तर ‘कसलें मास?’ हे आधी विचारा, कोणी राग धरत नाही. शेवटी बिबिंक हा थरांचा गोड पदार्थ, मऊसर कोमट तुकडा. एकावर एक थर वरून आच देऊन भाजतात, निदान सात थर, मोजून बघा.

घरी नेताना

काजूच्या पाकिटावरचा आकडा म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅमात, किती गर बसतात तो. १८० सगळ्यात मोठा, २४० मधला, ३२० लहान. ‘मोठा’ म्हणून ३२० चा दर जास्त लावला तर ओळखता येईल. सालासकट भाजलेला काजू इथला खास, पण पाकीट फोडून एक चावून घ्या. खवट वास लगेच कळतो.

चोरीसच्या माळा पणजीच्या बाजारात टांगलेल्या दिसतात. शिजवताना वरचं आतडं सोलून काढा, तेल आणि मीठ घालू नका, त्यात दोन्ही भरपूर आहे. पाणी, उभा चिरलेला कांदा आणि बटाट्याच्या फोडी घालून मंद आचेवर ठेवा, तेल सुटलं की पावात भरा.

उराक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, फक्त मार्च ते मे, एकदा गाळलेला, सौम्य. त्यालाच पुन्हा गाळून काजूची फेणी होते. पिऊन स्कूटर नको. महाराष्ट्रात बाटली न्यायची तर परवान्याचं आधी नीट विचारून घ्या, बांद्याच्या नाक्यावर तपासणी होते आणि तिथे ‘ठाऊक नव्हतं’ चालत नाही. तिरफळं आणि भिरंडाची (कोकमाची) सोलं मात्र बिनधास्त न्या. तिरफळं हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर सगळ्या मसाल्याच्या कपाटाला बांगड्याच्या हुमणाचा वास येईल.